सिल्लोडचे जन्मदाखले आणि सिद्ध करण्याची जबाबदारी

तहसील कचेरीत अर्जांचा ढीग वाढला, याचा अर्थ सीमेपलीकडून माणसे आली, असा एक अजब सिद्धान्त २०२५ सालच्या आरंभापासून महाराष्ट्रात मांडला जात आहे. भारतीय जनता पक्षाचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी मालेगाव, अमरावती, अकोला येथे उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवर जे आरोपसत्र सुरू केले, त्यात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोडचेही नाव गोवले गेले. बांगलादेशी आणि रोहिंग्या घुसखोरांना महसुली अधिकाऱ्यांनी घाऊक प्रमाणात दाखले वाटले, असा हा आरोप होता. सरकारने तत्परता दाखविली. जानेवारीत मालेगाव प्रकरणासाठी विशेष तपास पथक नेमले गेले, उशिराच्या नोंदीचे काम राज्यभर थांबविण्यात आले, आणि मार्चमध्ये पोलीस पडताळणीसह नवी, अधिक जाचक कार्यपद्धती लागू झाली. इतक्या कारवाईच्या धुरळ्यात मूळ विधान सिद्ध झाले आहे काय, हे विचारण्याचे भान थोड्यांनाच राहिले.

प्रश्न कोणाच्या बाजूचा, हे येथे क्षणभर बाजूला ठेवावे. आरोप गंभीर असेल तर त्याची शहानिशा झालीच पाहिजे. परंतु शहानिशा म्हणजे जो दावा केला गेला तो नेमका कोणता, त्याला आधार कोणता, आणि त्या आधारातून तो निष्कर्ष खरोखरच निघतो काय, हे तपासणे. सिल्लोडच्या बाबतीत या तिन्ही पायऱ्या ओलांडून एकदम शिक्षेच्या पायरीवर उडी घेतली गेली आहे.

प्रथम कायदा पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. एकवीस दिवसांच्या आत नोंद विनामूल्य होते. पुढे विलंब शुल्क, मग वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि एक वर्ष उलटून गेले असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश, अशी या कायद्याच्या कलम १३ मधील चढती पायरी होती. २०२३ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. एक वर्षानंतरच्या नोंदीचा अधिकार न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांच्या वतीने प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे सोपविण्यात आला. त्याच दुरुस्तीने, त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत आणि विवाहनोंदणीपासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा ठरविला. ही दुरुस्ती करणारे सरकार कोणत्या पक्षाचे होते, हे सांगण्याची गरज नाही.

आता एखाद्या सामान्य बुद्धीच्या माणसाला विचारावे: वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे घेणारे काम जर कोर्टातून निघून तालुक्याच्या कचेरीत आले, आणि त्याच वेळी त्या कागदाचे महत्त्व सरकारनेच दसपट वाढविले, तर अर्ज वाढतील की कमी होतील? वाढलेल्या अर्जांचे हे साधे, जवळचे कारण समोर असताना दूरचे आणि भयंकर कारण पुढे करणाऱ्याने आधी जवळचे कारण का लागू पडत नाही, ते दाखविले पाहिजे. सिल्लोडबद्दल जाहीरपणे जे बोलले गेले त्यात हा प्रयत्न दिसत नाही. आकडा उच्चारायचा, अर्जदारांच्या नावांकडे बोट दाखवायचे आणि उरलेले काम ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहावर सोपवायचे, अशी ही पद्धत आहे.

मराठवाड्यातील माणसाला जन्माचा कागद का सापडत नाही, हे समजण्यासाठी ढाक्क्याला जावे लागत नाही. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळचे महसुली दप्तर उर्दूत, गावपातळीवरचे बरेचसे मोडीत. खेड्यातील जन्ममृत्यू कोतवाल बुकात लिहिले जात; कोठे ते बुक वाळवीने खाल्ले, कोठे पावसात भिजले, कोठे कोतवालाने लिहिलेच नाही. घरातच सुईणीच्या हातून झालेल्या बाळंतपणाची वार्ता पंचायतीपर्यंत नेणे ही बापाच्या एका दिवसाच्या मजुरीची किंमत होती. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी होते. सून सिल्लोड तालुक्यातील, माहेर भोकरदनचे किंवा जामनेरचे, मूल जन्मले तिकडे, वाढले इकडे. नोंद झाली असली तरी ती तिकडच्या बुकात, आणि शोध चालतो इकडच्या. म्हणून ‘नोंद आढळून येत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला हजारोंना मिळतो, आणि तोच उशिराच्या अर्जाला जोडावा लागतो. ज्यांनी मुलाला शाळेत घातले त्यांची जन्मतारीख हेडमास्तरांनी ठरविली. महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेल्यांची एवढी प्रचंड संख्या कशी, याचे उत्तर ज्याला ठाऊक नाही त्याने ग्रामीण महाराष्ट्र पाहिलेलाच नाही. या १ जूनवाल्यांत पाटील आहेत, जाधव आहेत, शेख आहेत, पठाण आहेत. त्यांपैकी निम्म्यांनाच संशयाने पाहायचे, तर संशयाचा आधार कागद नाही, आडनाव आहे, हे तरी प्रामाणिकपणे कबूल करावे.

अर्जदारांत एका विशिष्ट समाजाचे लोक अधिक आहेत, हाच जणू निर्णायक पुरावा म्हणून मांडला जातो. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यातील दुरुस्ती झाली, तिच्याबरोबर देशव्यापी नागरिक नोंदवहीची भाषा सत्ताधाऱ्यांच्या तोंडी आली. त्याच्या काही महिने आधी, ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, आसामची अंतिम यादी प्रसिद्ध होऊन १९ लाखांहून अधिक माणसे यादीबाहेर फेकली गेली होती. आजोबांच्या नावातील एका अक्षराच्या फरकाने लोक परके ठरतात, हे पाहिल्यावर ज्या समाजाला उद्देशून ही भाषा बोलली जात होती त्याने कागदांची जमवाजमव सुरू केली, तर त्यात अस्वाभाविक काय? आधी माणसाला घाबरवायचे आणि मग तो घाबरला हाच त्याच्या अपराधाचा पुरावा म्हणून दाखवायचा, हा तर्क पोलीस कोठडीतला आहे.

या प्रकरणात तीन वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधण्यात आली आहे. ती सोडविल्याखेरीज विचार पुढे जात नाही. काही ठिकाणी दाखल्यांचे आदेश नायब तहसीलदारांनी दिले, आणि त्यांना तो अधिकार नव्हता असे पुढे सरकारने ठरविले. मानले. यावरून काय सिद्ध होते? सही करणाऱ्याला अधिकार नव्हता, एवढेच. ज्याच्या नावे दाखला निघाला तो सिल्लोडला जन्मला नाही, हे यातून निघत नाही. तो परदेशात जन्मला, हे तर मुळीच निघत नाही. चुकीच्या टेबलावर अर्ज स्वीकारला गेला हा शासनाचा दोष, त्याची शिक्षा रांगेत उभ्या राहिलेल्या मजुराला. दुसरी गोष्ट, काही प्रकरणांत बनावट कागद जोडल्याचे गुन्हे नोंदविले गेले आहेत. तेही गंभीरपणे घेतले पाहिजे. कचेरीच्या आवारात दलाल असतात, ते अडाणी माणसाकडून पैसे घेऊन शाळा सोडल्याचा दाखला किंवा शिधापत्रिका ‘तयार’ करून देतात, हा अनुभव धर्मनिरपेक्ष आहे. खोटा कागद जोडणाऱ्यावर आणि त्याहून आधी तो विकणाऱ्यावर खटला चालावा. पण खोट्या कागदाने खरा जन्म खोटा होत नाही, आणि शंभरांतील पाच कागद खोटे निघाले म्हणून उरलेले पंचाण्णव खोटे ठरत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जन्मदाखला हा नागरिकत्वाचा दाखला नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्याचे आईबाप दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निर्णय देताना आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असल्याने कोणी भारताचा नागरिक होत नाही, असे स्पष्ट केले. घुसखोरीचा गवगवा करणाऱ्यांनी या निर्णयाचे स्वागत केले. ते योग्यच, परंतु मग त्याच तर्काने तहसील कचेरीतील दाखल्याने कोणी परका एका रात्रीत नागरिक बनला, ही ओरड कशाच्या बळावर? कागदाने नागरिकत्व मिळत नसेल तर सिल्लोडच्या कागदानेही ते मिळालेले नाही. मिळत असेल तर न्यायालयाच्या निर्णयाचे स्वागत करू नये. दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे राहता येत नाही.

बांगलादेशातून चोरट्या मार्गाने माणसे येतात, हे खोटे नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत अशांवर खटले झाले, शिक्षाही झाल्या. त्या खटल्यांत काय मांडावे लागते, हे पाहण्यासारखे आहे: तो माणूस कोण, कोणत्या गावचा, कधी आणि कसा आला, त्याच्याजवळ किंवा त्याच्या घरी परदेशी ओळखीचा कोणता कागद सापडला. सिल्लोडविषयीचा आरोप खरा असेल तर तोही याच रीतीने, माणसागणिक सिद्ध झाला पाहिजे. रोहिंग्यांची बोली चित्तगावच्या बोलीजवळची. सिल्लोडच्या आठवडी बाजारात मिरची आणि मका तोलणाऱ्या मुसलमानाची भाषा दखनी. तिच्यात कितीतरी शब्द मराठीचे. ज्या गावात चौथ्या पिढीची सोयरीक कोठे झाली हे पारावर बसलेला म्हातारा सांगतो, त्या गावात हजारोंनी रोहिंग्या येऊन राहिले आणि कोणाला कळले नाही, असे म्हणणाऱ्याने मराठवाड्याच्या खेड्याची फारच थोर कल्पना केली आहे, असे म्हटले पाहिजे.

कायद्याचा आधार घेऊन येथे एक उत्तर दिले जाईल. १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा, ज्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली, त्यात आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकलेला होता, आणि नव्या कायद्यानेही तो तसाच ठेवला आहे. हे खरे. परंतु आसाममधील एका प्रकरणी जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या तरतुदीचा अर्थ, अधिकाऱ्याने वाटेल त्याचा दरवाजा ठोठावून ‘तू परका, नाहीस ते सिद्ध कर’ म्हणावे, असा होत नाही. संशयाला आधी काही तरी ठोस सामग्री असली पाहिजे आणि ती त्या व्यक्तीला दाखविली पाहिजे. नावांच्या स्पेलिंगमधील आणि तारखांमधील किरकोळ तफावत पुरेशी नाही, हेही त्याच निकालात आहे. ज्या प्रदेशातील नावे उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत लिहिली जाताना तीन वेळा बदलली, त्या प्रदेशासाठी या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

असा आधार न पाहता कारवाई झाली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्यात आले. मुर्शिदाबादहून त्यांचे कागद आले, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. हे गवंडीकाम आणि मजुरी करणारे लोक होते. ज्यांचे बाळंतपण नर्सिंग होममध्ये होते आणि दाखला घरपोच येतो, त्या वर्गातील कोणाच्या वाट्याला ही फेरी आलेली नाही. उशिराची नोंद हा मुळातच गरिबांचा विषय आहे, आणि म्हणूनच तिच्यावरील संशय सत्ताधाऱ्यांना स्वस्तात परवडतो.

याच मराठवाड्यात, याच कागदांच्या अभावावर, सरकारने दुसऱ्या एका बाबतीत कसा व्यवहार केला, ते पाहण्यासारखे आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावची कोतवाल बुके, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, खासरा पत्रके उलगडली. निजामकालीन दप्तरासाठी हैदराबादपर्यंत धाव घेतली. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून बसविले. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन शासननिर्णयही निघाला. त्या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा वेगळी. येथे मुद्दा एवढाच की शासनाची इच्छा असली तर नागरिकाकडे कागद नाही ही शोधाची सुरुवात ठरते. इच्छा नसली की तीच गोष्ट गुन्ह्याची सुरुवात ठरते. ज्या कोतवाल बुकात पाटलाच्या पणजोबाचे नाव सापडते, त्याच बुकात, बहुधा पुढच्याच पानावर, अत्ताराच्या पणजोबाचेही आहे. ते पान उलटायला कोणी समिती नेमली नाही.

एवढे झाल्यावर समाजवादी कार्यकर्त्यांकडेही वळले पाहिजे, कारण दुसऱ्याकडून पुरावा मागण्याचा अधिकार स्वतः पुरावा देणाऱ्यालाच असतो. या आरोपाला उत्तर देताना मेळाव्यांतून आणि पत्रकांतून ‘एकही दाखला खोटा नाही’ अशी छातीठोक विधाने अनेकांनी केली. दप्तर पाहिले होते काय? एकूण अर्ज किती, नामंजूर किती, याची एक ओळ तरी हाती होती काय? नव्हती. मग ते विधान आणि ‘एकही दाखला खरा नाही’ हे विधान यांत स्वरूपाचा फरक काय राहिला? उद्या एक बनावट कागद कोर्टात सिद्ध झाला की अशा पत्रकाची रद्दी होते, आणि तिच्याबरोबर ज्यांचे कागद खरे त्यांचीही बाजू पडते.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतरही हेच झाले. सिल्लोडमध्ये शिवसेनेचे अब्दुल सत्तार अगदी निसटत्या फरकाने निवडून आले, आणि त्या रात्रीपासून चहाच्या टपरीवर ‘यंत्राने घात केला’ हे वाक्य सिद्ध सत्यासारखे फिरू लागले. मतदान संपताना प्रत्येक केंद्रावर एकूण नोंदलेल्या मतांचा हिशेब असलेला नमुना १७-क प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळतो. मोजणीतील आकडे त्या कागदांशी केंद्रागणिक ताडून पाहणे हे बैठ्या मेहनतीचे काम. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत शुल्क भरून काही यंत्रांची तपासणी मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २६ एप्रिल २०२४ चा निर्णयही होता. यंत्राविषयी शंका घेऊच नये असे नाही. पण ज्या टपरीवर ते वाक्य फिरले, तेथे किती जणांनी १७-क चा कागद कधी डोळ्यांनी पाहिला होता? नावांची यादी दाखवून घुसखोर सिद्ध करणारा आणि पराभव दाखवून घोटाळा सिद्ध करणारा, हे एकाच शाळेत शिकलेले आहेत. पहिल्याच्या हाती सत्ता आहे, एवढाच फरक. आणि म्हणून पहिला अधिक घातक आहे, हेही तितकेच खरे.

समाजवाद्यांची परंपरा ही नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा शूद्रांच्या शिक्षणाची उपेक्षा होते असे म्हणून ते थांबले नाहीत. महसूल कोणाच्या श्रमातून येतो, तो कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातील शाळेत काय शिकवतात आणि तेथील शिक्षक कसा असतो, हे स्वतःच्या शाळांच्या अनुभवासह त्यांनी मांडले. राजस्थानात डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली, तेव्हा मजूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपट गावासमोर वाचून दाखविले. ज्यांची नावे पटावर होती त्यांनीच उठून सांगितले की हे काम झाले नाही. त्या वाचनाने जे साधले ते दहा मोर्चांनी साधले नसते, आणि माहितीच्या अधिकाराचा मार्ग तेथूनच पुढे गेला.

सिल्लोडमध्ये आज हेच काम हाती घेता येण्यासारखे आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे तो एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून उशिराच्या नोंदीचे अर्ज किती आले, मंजूर किती, नामंजूर किती. अधिकाराअभावी रद्द झालेले आदेश किती. बनावट कागदाबद्दल गुन्हे किती आणि त्यांत आरोपपत्रे किती. आणि या सर्वांपैकी परकीय नागरिक म्हणून कोणावर कारवाई झाली असल्यास ती किती जणांवर. विषय वेगळे, म्हणून अर्जही वेगवेगळे करावेत; कोणाचे नाव मागू नये, फक्त संख्या मागावी. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर शून्य येईल असे गृहीत धरून पत्रक आधीच छापू नये. जे उत्तर येईल ते, गैरसोयीचे असले तरी, जसेच्या तसे वाचून दाखवावे.

त्याचबरोबर ज्यांचे आदेश रद्द झाले त्या कुटुंबांबरोबर बसावे. आजोळ कोठले ते विचारावे, आणि त्या गावच्या पंचायतीत नक्कल मागावी. पहिल्या शाळेचे प्रवेश रजिस्टर, वडिलांच्या नावचा जुना सात-बारा, जुन्या मतदारयादीतील आजोबांचे नाव, यांतून प्रत्येक घराची एक फाईल उभी राहते. नावाच्या लिखाणात तफावत असेल तर ती लपवू नये; का आहे ते प्रतिज्ञापत्रात आधीच लिहावे. जुन्या कोतवाल बुकांतील मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे थोडीच उरली आहेत आणि बहुतेक वयोवृद्ध आहेत. निवृत्त मुन्शी, मदरशातील एखादे वृद्ध मौलवी, शिंदे समितीच्या कामावर बसलेले मोडीचे जाणकार, यांची नावे-पत्ते या महिन्यातच गोळा झाले पाहिजेत, कारण जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिलीच्या वर्गाच्या दारात मुलांकडे पुन्हा तोच दाखला मागितला जाणार आहे.